गुडविल नको, वॉरंटी लिहा!

दोस्तांनो, गुडविल या शब्दापासून सावध राहा.

शोरूमच्या गार काचेमागं बसलेला टायवाला हा शब्द उच्चारतो तेव्हा त्याचा एक हात तुमच्या पाठीवर असतो आणि दुसरा तुमच्या खिशात. 'तुमचा क्लेम नियमात बसत नाही. पण कंपनी गुडविल म्हणून पार्टच्या किमतीत पन्नास टक्के सूट देतेय. इथं सही करा.' आणि आपली पोरं सही करतात. वर थँक्यू सर म्हणून बाहेर पडतात. आपल्याच पैशाच्या मशीनचं, वॉरंटीतलं काम अर्धे पैसे पुन्हा मोजून करून घेतात आणि वस्तीत येऊन सांगतात, मॅनेजर लई चांगला माणूस हाय बे.

गुडविल म्हणजे सदिच्छा. सदिच्छा म्हणजे मेहरबानी. मेहरबानी म्हणजे काय, हे आपल्याला शब्दकोशात बघावं लागत नाही. आपल्या आज्या-पणज्या विहिरीपासून लांब ओंजळ धरून उभ्या राहायच्या आणि वरून कुणीतरी पाणी ओतायचं. त्याला वाटलं तर. ओतणाऱ्याला पुण्य, पिणाऱ्यावर उपकार. विहीर खणताना घाम कुणाचा गळला हे विचारायची सोय नव्हती. शोरूममधलं गुडविल हे त्याच ओंजळीतलं पाणी आहे. म्हणून मी ते नाकारलं. का नाकारलं आणि त्याची किंमत काय मोजली, ते इथं मांडतो.

मी सोलापूरचा. मोटरसायकलवर दारोदार पार्सलं पोचवून पोट भरतो. सकाळी अक्कलकोट रोडवर माल उचलायचा आणि रात्री नऊपर्यंत शहर पालथं घालायचं. गाडी हप्त्यानं घेतली. ३६ हप्ते. वॉरंटी पाच वर्षांची, पुस्तिकेत ठळक छापलेली. विकताना पहिल्यांदा तीच दाखवली होती. २९ वा हप्ता भरला त्याच महिन्यात, ३१,००० किलोमीटरवर, इंजिनाच्या तळातून ठोका यायला लागला. टक् टक् टक्. चार दिवसांत गाडी उभी. क्रँकवरचं कनेक्टिंगचं बेअरिंग गेलं होतं. कंपनीचं नाव इथं लिहीत नाही. एकीला शिव्या घालून बाकीच्यांना सोवळ्यात ठेवायचं मला जमणार नाही.

सर्व्हिस सेंटरनं गाडी ठेवून घेतली आणि तिसऱ्या दिवशी निकाल दिला. निकाल एका ओळीचा: 'ऑइलअभावी बेअरिंग निकामी, ग्राहकाची हयगय, वॉरंटी लागू नाही.' खाली खर्चाचा अंदाज १८,४०० रुपये. मी विचारलं, हयगय कशावरून? सुपरवायझरनं जॉब कार्डावरचा माझा पत्ता वाचला, मला खालून वर बघितलं आणि म्हणाला, 'तुमच्या भागातली पोरं गाडी रगडतात हो.'

बघा. इंजिन अजून खोललं नव्हतं. तेलाचा पंप तपासला नव्हता. पण पत्ता वाचून झाला होता. आणि पत्त्यानं निकाल दिला होता.

हा आरोप आपल्याला नवा नाही. पोरगं शाळेत नापास झालं तर ते आळशी. बाई बाळंतपणात मेली तर ती अडाणी. वस्तीत पटकी आली तर वस्ती घाणेरडी, नळाचं पाणी सोवळं. दोष नेहमी भोगणाऱ्याचा आणि निवाडा नेहमी करणाऱ्याचा. 'ग्राहकाची हयगय' हा त्याच जुन्या शिव्यांचा छापील, सभ्य अवतार आहे. फरक इतकाच की ही शिवी जॉब कार्डावर येते आणि तिच्याखाली आपली सही मागतात.

आता हयगयीचा हिशेब मांडू. गाडीची प्रत्येक सर्व्हिसिंग त्यांच्याच सेंटरात झाली. प्रत्येकाचं बिल माझ्याकडं आहे. शेवटची सर्व्हिसिंग गाडी बंद पडायच्या तीन आठवडे आधीची. तेल त्यांनी दिलं, त्यांनीच ओतलं, त्यांनीच पातळी तपासून खूण केली, त्यांनीच पैसे घेतले. तेल तुमचं, हात तुमचे, शिक्का तुमचा, आणि तीन आठवड्यांनी तेल आटलं तर हयगय माझी?

अशोक चौकाच्या मागं आमचा एक मिस्त्री आहे. तीस वर्षं इंजिनं खोलतोय. त्यानं सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहितो: 'बे, तेल नसलं की पयलं वरचं मरतंय. हेड लांब, तेल तिथं शेवटी पोचतंय. कॅम बघ, रॉकर बघ, पिस्टनवर ओरखडे हायत का बघ. वरचं सगळं आरशागत असंल आणि खालचं एकच बेअरिंग मेलं असंल, तर रोग खालीच हाय. मग क्रँकपिन बघायची. तिचं कडकपण बघायचं, तिच्यातली तेलाची वाट मोकळी हाय का बघायची.'

मिस्त्री देव नाही. खालचं बेअरिंग एकटंच तेलावाचून जाऊ शकतं, हेही तोच सांगतो. पण तो म्हणतो, आधी खोला, बघा, मोजा, मग बोला. याला शास्त्र म्हणतात. न खोलता एका ओळीत निकाल देणाऱ्याला पगार आहे, टाय आहे, इंग्रजी आहे, शिक्का आहे. त्याला काय म्हणतात ते तुम्ही ठरवा.

इथं आपल्याला आपला इतिहास आठवला पाहिजे. मुंबईच्या कापडगिरण्यांत विणकाम खात्यात, जिथं मजुरी जास्त, तिथं अस्पृश्यांना घेत नसत. कारण धाग्याची कांडी बदलताना तो तोंडानं ओढावा लागे आणि आमच्या तोंडानं धागा बाटायचा. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांपुढं रोकठोक मांडला होता. मागाला विटाळ होत नव्हता. माग कुणी चालवायचा हे ठरवणाऱ्यांना होत होता. माझा बाप इथल्या एका गिरणीत रिंग खात्यात होता. नुसत्या आवाजावरून कुठली चाती बिघडली ते सांगायचा. दुरुस्त करणारा यायचा, तेच करायचा, आणि वहीत नाव साहेबाचं लागायचं. यंत्राचं ज्ञान आमच्या हातात कधीच कमी नव्हतं. त्या ज्ञानाला शिक्का मिळू दिला नाही, एवढंच. आज गॅरेजातला मिस्त्री खरं बोलतो आणि कागदावर 'अनधिकृत' ठरतो.

म्हणून मी पहिली गोष्ट केली ती कागदाची. सुपरवायझरला म्हटलं, क्लेम नाकारताय ना, मग तपासणी काय केली ते लेखी द्या. देईना. तोंडानं नाही म्हणायचं आणि कागद द्यायचा नाही, ही त्यांची सगळ्यात मोठी युक्ती. तेव्हा मी स्पीड पोस्टानं दोन पत्रं धाडली. एक डीलरला, एक कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला. त्यात चारच गोष्टी. गाडीचा चासी नंबर आणि किलोमीटर. सर्व्हिसिंगच्या तारखा. इंजिन माझ्यासमोर खोलावं आणि काढलेला एकही पार्ट हलवू नये. नाकारण्याचं कारण तपासणीच्या मोजमापासह लेखी द्यावं.

बाराव्या दिवशी कंपनीचा इंजिनियर आला. इंजिन माझ्यासमोर खोललं. मिस्त्री शेजारी उभा, माझा मोबाइल चालू. कॅम स्वच्छ. रॉकर स्वच्छ. पिस्टनला ओरखडा नाही. पंप चालू. इंजिनियर पाच मिनिटं काही बोलला नाही. मग बाहेर जाऊन फोनवर बोलला आणि आत येऊन म्हणाला, कंपनी गुडविल द्यायला तयार आहे. पन्नास टक्के.

मी नाही म्हटलं. दोन दिवसांनी पंचाहत्तर टक्के. मी नाही म्हटलं. आठवड्यानं शंभर टक्के. सगळं फुकट. फक्त एका फॉर्मवर सही. त्यावर छापलं होतं: हे काम कंपनीनं सदिच्छेनं केलं आहे, उत्पादनात दोष असल्याचं कंपनी मान्य करत नाही, या दुरुस्तीला वॉरंटी राहणार नाही, माझी पुढं कसलीही मागणी नाही.

मी शंभर टक्केही नाकारले.

घरात शिव्या खाल्ल्या. दोस्त म्हणाले, येडा झालास का बे, फुकट मिळायलंय तर घे की. शब्दाला काय चाटायचंय?

शब्दालाच चाटायचंय दोस्तांनो. नीट ऐका.

पहिलं म्हणजे, वॉरंटी फुकट नसते. ती गाडीच्या किमतीत बसवलेली असते. कंपनी गाडीचा भाव ठरवताना वॉरंटीपोटी किती खर्च येईल याचा हिशेब आधीच करते आणि तो आपल्याकडून वसूल करते. ज्याची गाडी कधीच बिघडत नाही त्यानंही तो भरलेला असतो. म्हणजे मी पैसे दोन वर्षांमागंच मोजले होते. मोजलेल्या पैशाची वस्तू मागणाऱ्याला भिकारी ठरवायचं आणि घेतलेल्या पैशाची वस्तू देणाऱ्याला दाता ठरवायचं, हे काम तो एक शब्द करतो.

दुसरं याहून मोठं आहे. वॉरंटी म्हणून नोंद झाली की पार्ट खराब निघाल्याची नोंद होते. गुडविल म्हणून झाली की कंपनीनं एका गिऱ्हाइकावर दया केल्याची नोंद होते. उद्या विजापूर रोडवरच्या, परवा बार्शीतल्या पोराचं तेच बेअरिंग जाईल आणि त्याला काउंटरवर सांगतील, 'अशी तक्रार आमच्याकडं पहिल्यांदाच येतेय.' तो दहावा असेल, शंभरावा असेल. पण आधीच्या सगळ्यांनी सह्या करून स्वतःला पुसून टाकलेलं असेल.

आणि या मोजणीला आता कायद्यात किंमत आहे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात ११०-अ हे कलम घातलं. १ एप्रिल २०२१ पासून त्याचा अंमल सुरू झाला. गाडीतल्या दोषानं चालवणाऱ्याला किंवा रस्त्यावरच्यांना धोका असेल आणि ठराविक टक्के मालकांनी तो दोष कळवला असेल, तर सरकार कंपनीला त्या गाड्या परत बोलवायला लावू शकतं. टक्के! म्हणजे डोकी मोजायची. आणि ज्यानं गुडविलवर सही करून तोंड शिवून घेतलं, त्याचं डोकं कुठल्या टक्क्यात धरायचं? भर रस्त्यात, मागं ट्रक असताना, इंजिन जाम होऊन मागचं चाक धरलं तर काय होतं ते पुणे रोडवर गाडी चालवणाऱ्याला सांगायला नको.

मोजलं की काय होतं ते बघा. मे २०२१ मध्ये रॉयल एनफिल्डनं इग्निशन कॉइलमधल्या दोषासाठी २,३६,९६६ मोटरसायकली तपासणीला परत बोलावल्या. कंपनीचा स्वतःचाच अंदाज होता की दहा टक्क्यांहून कमी गाड्यांत तो पार्ट बदलावा लागेल. तरी सगळ्या बोलावल्या. दोष मान्य केला म्हणून कंपनी बुडाली नाही. दुकानं चालूच आहेत.

आणि मोजलं नाही की काय होतं तेही बघा. अमेरिकेतल्या जनरल मोटर्सच्या गाड्यांतला चावीचा स्विच चालत्या गाडीत आपोआप सरकून इंजिन बंद करायचा. मग अपघात झाला तरी एअरबॅग उघडायची नाही. कंपनीतल्या लोकांना हे जवळजवळ दहा वर्षं ठाऊक होतं. मधल्या काळात तो पार्ट गुपचूप बदलला, पण पार्टचा नंबर तोच ठेवला. म्हणजे कागदावर काही घडलंच नाही. एका मेलेल्या तरुण मुलीच्या आईबापांनी केस लावली. त्यांच्या तज्ज्ञानं जुना स्विच आणि नवा स्विच शेजारी ठेवून खोलले, तेव्हा आतला फरक उघडा पडला. २०१४ साली लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कंपनीनं नेमलेल्या भरपाई निधीनं १२४ मृत्यू मान्य केले. तिथं शेवटी कामी काय आलं? सांभाळून ठेवलेला जुना पार्ट. म्हणून सांगतो, निघालेला पार्ट डोळ्याआड होऊ देऊ नका. तो लोखंडाचा तुकडा तुमचा साक्षीदार आहे.

आता कायद्याचं बोलू. ग्राहक हा शब्द ऐकला की आपली पोरं तोंड वाकडं करतात. ग्राहक म्हणजे पिशवी घेऊन बाजारात घासाघीस करणारा पेठेतला पांढरपेशा, असं आपल्या डोक्यात बसलंय. तशी चळवळही झाली. १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत उभी राहिली, पुढं १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला. त्यांनी त्यांचं काम केलं. पण आपल्या वस्तीत तो कायदा कुणी आणला नाही आणि आपणही जाऊन उचलला नाही. हप्त्यावर गाडी, मोबाइल, फ्रीज घेणारा, व्याजासकट सगळ्यात जास्त किंमत मोजणारा माणूस वस्तीतला आहे. ग्राहक तोच. त्याचाच कायदा.

जुना कायदा जाऊन २०१९ चा नवा आला आणि जुलै २०२० पासून लागू झाला. त्यातलं आपल्या कामाचं एवढं पाठ करा. तक्रार जिथं तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात करता येते. कंपनीचं हेड ऑफिस दिल्लीत असो की चेन्नईत, तिनं सोलापुरात यायचं. वस्तूची मोजलेली किंमत ५ लाखांच्या आत असेल तर जिल्हा आयोगात फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. मुदत दोन वर्षांची. कंपनीला उत्तराला ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यानंतर तिचं उत्तर घेता येत नाही, असं २०२० साली सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं स्पष्ट केलं. दोष तपासल्याशिवाय कळत नसेल तर आयोग पार्ट सील करून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत धाडू शकतो. त्याची फी मात्र आधी तक्रारदारानं भरायची. इथंही गरिबालाच आधी खिसा उलटा करायला लावलाय, हे लिहून ठेवा. हे कलम बदलून घ्यायची मागणी आपण केली पाहिजे.

कंपनीचे वकील चार सापळे लावतात. चारही ओळखा.

एक: 'हा गाडी धंद्याला वापरतो, म्हणून हा ग्राहकच नाही.' खोटं. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू 'व्यापारी हेतू'त धरायची नाही, हे १९९३ च्या दुरुस्तीपासून कायद्यात आहे. स्वतः रिक्षा घेऊन स्वतःच चालवणारा ग्राहकच आहे, हे सुप्रीम कोर्टानं १९९५ सालीच सांगितलं. जाहिरातीत गाडीवर दुधाचे कॅन लादून दाखवायचे आणि बिघडली की पोटासाठी का वापरली म्हणून विचारायचं! वॉरंटीच्या पुस्तिकेत असं एकतर्फी कलम घातलं असेल तर त्याला नवा कायदा 'अन्याय्य करार' म्हणतो. पण ते रद्द करून घ्यायला राज्य आयोगाकडं जावं लागतं. तेही ठाऊक असू द्या.

दोन: डीलर म्हणतो कंपनीला विचारा, कंपनी म्हणते डीलर वेगळा. हे नुसतं टोलवणं नाही, याला कोर्टाचा आधार आहे. गोव्यातल्या एका माणसाला डीलरनं नवी म्हणून जुनी गाडी दिली. २०२१ साली सुप्रीम कोर्टानं टाटा मोटर्सला त्यातून सोडलं. डीलरनं केलेल्या लबाडीची कंपनीला माहिती होती हे सिद्ध झालं नाही, म्हणून. यातला धडा एवढाच: पहिल्या दिवसापासून दोघांना पत्र, दोघांना पार्टी. कंपनीला 'आम्हाला माहीत नव्हतं' म्हणायला जागा ठेवायची नाही.

तीन: तुम्हीच रागानं 'नवी गाडी द्या' म्हणावं, याची ते वाट बघतात. २००६ साली मारुती उद्योगच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की वॉरंटी दोषी पार्ट दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची असेल तर जबाबदारी तेवढीच, अख्खी गाडी बदलून देण्याची नाही. तेव्हा पार्ट मागा, काम मागा, बुडलेल्या दिवसांची भरपाई मागा. जे टिकेल ते मागा आणि शेवटपर्यंत धरून राहा.

चार: नव्या कायद्यात 'उत्पादन दायित्व' नावाचं एक भारदस्त प्रकरण आहे. त्याच्या नावावर उड्या मारू नका. त्या प्रकरणातल्या 'हानी'त वस्तूचं स्वतःचं नुकसान धरत नाहीत. बेअरिंग फुटून तुमचा पाय मोडला तर ते प्रकरण कामाचं. नुसतं बेअरिंग गेलं तर साधी 'दोषा'ची तक्रार करा. चुकीच्या दारावर डोकं आपटून परत आलेली माणसं कंपन्यांना फार आवडतात.

मी तक्रार दाखल केली. नोटीस पोचली. आणि मग कंपनीला अचानक आपली पुस्तिका वाचता आली. पूर्ण क्रँक बदलून मिळाला. जॉब कार्डावर, त्या चौकोनात, शब्द आला: वॉरंटी. कसलाही फॉर्म नाही, कसलीही सही नाही. गाडी ४१ दिवस उभी होती. त्यातले कित्येक दिवस मी शंभर टक्के गुडविल नाकारलं म्हणून वाढले, हे मला ठाऊक आहे. त्या दिवसांची मजुरी बुडाली. हप्ता मात्र थांबला नाही. फायनान्सवाल्यांकडं गुडविल नावाची चीज नसते. त्या ४१ दिवसांच्या मजुरीचा दावा अजून चालू आहे, आणि तो मी मागं घेणार नाही.

आता थोडं घरातलं बोलू. कारण टायवाल्यापेक्षा मला भीती आपल्यातल्या एका सवयीची वाटते. गाडी अडली की आपण काय करतो? 'भाऊ, शोरूमला एक फोन टाका की.' भाऊ फोन टाकतात. मॅनेजर घाबरतो. काम होतं. भाऊंचा फोटो वाढदिवसाच्या फ्लेक्सवर चढतो आणि आपण खाली रांगेत उभे. अरे, हेसुद्धा गुडविलच आहे! आधी कंपनीच्या ओंजळीतून प्यायचं, आता भाऊंच्या. भाऊंच्या फोननं एका पोराचं इंजिन बांधून मिळतं. पण कागदावर काहीच उरत नाही. पुढच्या पोराला पुन्हा भाऊंच्याच दारात जावं लागतं. ज्याला हक्क लिहून घेता येतो त्याला भाऊ लागत नाही. आणि म्हणूनच भाऊ तुम्हाला कधी अर्ज लिहायला शिकवत नाहीत.

कागदावरचा हक्क आपोआप हातात येत नाही, हे आपल्याइतकं कुणाला कळावं? सार्वजनिक पाणवठे खुले करा, असा ठराव मुंबई कायदे मंडळात १९२३ साली झाला. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ साली तळं खुलं केल्याचा ठराव केला. ठराव तसाच पडून राहिला. २० मार्च १९२७ ला हजारो माणसं तळ्यापर्यंत चालत गेली तेव्हा पाण्याला हात लागला. त्यानंतरही कोर्टात दहा वर्षं गेली. १९३७ साली हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं आला. त्या लढ्याची आणि एका बेअरिंगची बरोबरी मी करत नाही. पण चालत गेल्याशिवाय ठरावाला जीव येत नाही, हे तिथंच शिकायला मिळतं. आणि पाणी मागितलं नव्हतं, घेतलं होतं, हेही.

तर कामाला लागू. प्रत्येक वस्तीत, प्रत्येक वाचनालयात, एक वही ठेवा. साधी दोनशे पानी. त्यात लिहा: गाडीचं मॉडेल, घेतल्याची तारीख, किती किलोमीटरला काय गेलं, शोरूमनं काय सांगितलं, लेखी दिलं की तोंडी, वॉरंटी लिहिली की गुडविल. नाव घालायचं नसेल तर घालू नका, पण नोंद घाला. मिस्त्रींना वहीपाशी बसवा. त्यांना दिसलेलं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, तारीख घाला, खाली त्यांची सही घ्या. कंपनी 'पहिल्यांदाच' म्हणाली की वही काउंटरवर आपटा. दहा पोरांचा एकच पार्ट गेला असेल तर दहा पत्रं एकाच दिवशी स्पीड पोस्टानं जाऊ द्या. रोजच्या नोंदी कंपनी ठेवते, सरकार ठेवतं, पोलीस ठेवतात. आपल्या नोंदी आपण का ठेवू नयेत?

आणि कुणी पाठीवर हात ठेवून फॉर्म पुढं सरकवला, सूट पन्नास टक्के असो की शंभर, तर पेन खाली ठेवा. आवाज चढवायची गरज नाही. एवढंच सांगा: साहेब, तुमची सदिच्छा तुमच्याकडं ठेवा. आम्ही पैसे मोजलेत. चौकोनात वॉरंटी लिहा.